त्वरणमापकाचा पासंग



आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं आज एखादा तरी स्मार्टफोन असतो. तो उभा धरला असतां त्यावरील चित्र उभें दिसतें, व आडवा केला कीं चित्रही आपोआप आडवें होतें. दिवसभरांत आपण किती पावलें चाललों याचा हिशेबही तो ठेवतो. फोनला हें कसें कळत असावें, असा प्रश्न मात्र फारच थोड्यांना पडतो. कारण जी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असते, तिजविषयीं विचार करण्याची आपणांस संवय नसते. या दोन्ही कामांच्या मुळाशीं एक अगदीं लहान यंत्र आहे. त्यास त्वरणमापक असें म्हणतात. हें यंत्र काय मोजतें, तें सांगतें तें कितपत खरें मानावें, व त्याची पारख कशी करावी, या तीन गोष्टी प्रस्तुत लेखांत सांगावयाच्या आहेत.

या विषयाकडे माझें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगामुळें. आमच्या विज्ञान मंडळांतील मुलांनीं गेल्या पावसाळ्यांत एक सुटा त्वरणमापक आणून तो आर्डुइनो नांवाच्या छोट्या संगणक-पट्टीस जोडला, व वाचनें घेण्यास आरंभ केला. इयत्ता नववींतील एका मुलाकडे वही होती. टेबलावर सपाट ठेवलेल्या यंत्राचें वाचन १.०० यावें, असें पुस्तकावरून त्यास ठाऊक होतें. प्रत्यक्षांत ०.९४ आलें. मी जवळ जाऊन पाहतों, तों वहींत ०.९४ हा आंकडा रबरानें पुसून त्यावर १.०० लिहिलेलें! खालींही सर्वत्र १.००, १.००, असे आंकडे ओळीनें मांडलेले होते. मीं कारण विचारलें. तेव्हां तो खालीं मान घालून म्हणाला, "सर, आमचें उत्तर चुकलें होतें, म्हणून दुरुस्त केलें."

मी त्यास रागावलों नाहीं. त्याचें कारण या लेखाच्या शेवटीं सांगेन. तूर्त एवढेंच सांगतों कीं, त्या पुसलेल्या ०.९४ मध्यें जें ज्ञान होतें, तें १.०० मध्यें मुळींच नव्हतें. तें कसें, हें समजण्यासाठीं प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं.

यंत्र काय मोजतें?

वेगांत दर सेकंदास जो बदल होतो, त्यास त्वरण म्हणतात. एस. टी. ची गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, या वेगानें चालली आहे व चालकानें ती ५ सेकंदांत थांबविली, असें समजा. तिचा वेग दर सेकंदास २ मीटरनें कमी झाला. हेंच तिचें त्वरण. वेग घटत असल्यामुळें तें ऋण समजावयाचें. अशा वेळीं आपण सर्व प्रवासी पुढें झुकतों. गाडीच्या आंत बसून, खिडकीबाहेर न पाहतांही, गाडीचा वेग बदलत आहे हें आपल्या शरीरास कळतें. त्वरणमापकासही तें याच रीतीनें कळतें.

एक पेटी घ्या. तींत एक जड गोळा स्प्रिंगच्या आधारानें मधोमध धरून ठेवला आहे, अशी कल्पना करा. पेटी पुढें ढकलली असतां गोळा क्षणभर मागें राहतो व स्प्रिंग ताणली जाते. स्प्रिंग किती ताणली, हें मोजलें कीं त्वरण कळलें. फोनमधील यंत्रांत हीच रचना सिलिकनच्या तुकड्यावर कोरलेली असते. तेथें गोळ्याच्या ठिकाणीं सिलिकनची अत्यंत बारीक पट्टी, व स्प्रिंगच्या ठिकाणीं सिलिकनच्याच लवचीक दांड्या असतात. पट्टी हालली कीं तिच्यामधील व शेजारच्या स्थिर पट्ट्यांमधील अंतर बदलतें, व त्यामुळें त्यांची विद्युत् धारण करण्याची शक्ति बदलते. हा बदल मोजून यंत्र एक अंक देतें.

आतां येथें एक शंका येते. फोन टेबलावर स्वस्थ पडला आहे. त्याच्या वेगांत कांहींच बदल नाहीं. मग यंत्रानें शून्य दाखवावयास पाहिजे. तें शून्य न दाखवितां दर सेकंदास दर सेकंदीं सुमारे ९.८ मीटर इतकें त्वरण कां दाखवितें? याचें उत्तर पेटींतील गोळ्याकडेच आहे. पृथ्वी गोळ्यास खालीं ओढीत असते. पेटीस टेबलाचा आधार आहे. गोळ्यास मात्र स्प्रिंगवांचून दुसरा आधार नाहीं. म्हणून गोळा किंचित् खालीं येतो व स्प्रिंग ताणली जाऊन त्यास सांवरते. पेटी वरच्या दिशेनें ९.८ या त्वरणानें चढत असती, तरीही स्प्रिंग एवढीच ताणली असती. यंत्रास फक्त ताण कळतो. ताणाचें कारण कळत नाहीं.

याच्या उलट, फोन हातांतून निसटला तर जमिनीस लागेपर्यंतच्या त्या अर्ध्या सेकंदांत काय होतें पाहा. पेटी व गोळा दोन्ही एकाच त्वरणानें खालीं येतात. कोणीच मागें राहत नाहीं. स्प्रिंगवर ताण पडत नाहीं. आणि ज्या वेळीं फोन सर्वांत जोरानें खालीं येत असतो, नेमक्या त्याच वेळीं यंत्र जवळजवळ शून्य दाखवितें! उद्वाहकांत, म्हणजे लिफ्टमध्यें, वर जावयास निघतांना आपण क्षणभर जड झाल्यासारखें वाटतें व खालीं उतरूं लागतांना हलकें वाटतें, हा याच नियमाचा अनुभव होय.

तात्पर्य, त्वरणमापकाचें वाचन म्हणजे आंतील गोळा पेटीबरोबर राहावा म्हणून स्प्रिंगला किती जोर करावा लागला, याचें माप होय. ही एक गोष्ट ज्यास समजली, त्यास पुढील सर्व सोपें आहे.

एकाच दिशेचें त्वरण कळून भागत नाहीं, म्हणून आजच्या यंत्रांत परस्परांस काटकोनांत असलेल्या तीन दिशांचीं मापें घेण्याची सोय असते. त्यांस क्ष, य व झ अक्ष म्हणूं. फोन सपाट ठेवला तर झ अक्षावर पूर्ण वाचन येतें व इतर दोहोंवर शून्य. तो तिरपा केला तर तेंच वाचन तीन अक्षांत वांटलें जातें. तिन्ही वाचनांचे वर्ग करून त्यांची बेरीज घेतली व तिचें वर्गमूळ काढलें, तर यंत्र स्थिर असतां उत्तर नेहमीं एकच आलें पाहिजे. पायथागोरसच्या सिद्धांताचाच हा विस्तार आहे.

मोजण्याचें एकक

त्वरणमापकाचीं वाचनें पुष्कळदां 'जी' या एककांत देतात. १ जी म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील गुरुत्वत्वरण. याचें प्रमाणभूत मूल्य ९.८०६६५ मीटर दर सेकंदास दर सेकंदीं, असें १९०१ सालीं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ठरविलें. परंतु पृथ्वी सर्वत्र सारख्याच जोरानें ओढते असें नाहीं. विषुववृत्तावर हें मूल्य सुमारे ९.७८० आहे, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३२. मुंबईच्या अक्षांशावर समुद्रसपाटीस तें ९.७८६ च्या जवळपास येतें. उंच डोंगरावर तें आणखी किंचित् कमी होतें.

हे बारीक फरक मोजण्यासाठीं माणसांनीं किती श्रम घेतले आहेत, याचें एक उदाहरण आपल्याच देशांतील आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय पाहणींत कॅप्टन जेम्स बॅसेव्ही या अधिकाऱ्यानें १८६५ पासून ठिकठिकाणीं लोलक हालवून गुरुत्वत्वरणाचीं मापें घेतलीं. हिमालयाच्या पलीकडील उंच पठारावर माप कसें येतें, हें पाहण्यासाठीं तो लडाखांत गेला, व तेथें याच कामावर असतां १८७१ सालीं मरण पावला. दशांशचिन्हापुढील तिसऱ्या-चौथ्या अंकासाठीं मनुष्य एवढें करतो, हें आपण वहींत आंकडे लिहितांना ध्यानांत ठेवावें.

तराजूचे दोन दोष

आतां मुख्य विषयाकडे वळूं. बाजारांत वाण्याचा तराजू पाहिला आहे ना? त्यांत दोन प्रकारचे दोष असूं शकतात. पहिला असा कीं, दोन्ही पारडीं रिकामीं असतांच एक पारडें खालीं जातें. तें सारखें करण्यासाठीं वाणी दुसऱ्या पारड्यास खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतो. यास आपण पासंग म्हणतों. पासंग न पाहतां तोललें तर प्रत्येक खेपेस सारखीच चूक होते. पावशेर घ्या कीं पांच शेर घ्या, तूट तेवढीच. दुसरा दोष असा कीं, पारडीं सारखीं असतात, परंतु वजनच खोटें असतें. शेराचें म्हणून ठेवलेलें वजन शेरास कांहीं कमी भरतें. येथें चूक मालाच्या प्रमाणांत वाढत जाते.

त्वरणमापकांत हेच दोन दोष असतात. कांहीं त्वरण नसतांही यंत्र जो अंक दाखवितें, तो त्याचा पासंग. आणि १ जी बद्दल यंत्र किती अंक दाखवितें, हें त्याचें वजन. आमच्या मुलांनीं घेतलेलें एडीएक्सएल-३४५ नांवाचें यंत्र दोन जी चा पल्ला ठेवला असतां १ जी बद्दल २५६ अंक दाखवितें, असें पत्रकांत दिलेलें आहे. परंतु त्याच पत्रकांत असेंही लिहिलें आहे कीं, हा आंकडा २३० पासून २८२ पर्यंत कोठेंही असूं शकतो, व त्याशिवाय प्रत्येक अक्षास थोडाबहुत पासंग असतो. उत्पादकानें हें लपविलेलें नाहीं. लक्षावधि नग काढावयाचे म्हटल्यावर प्रत्येक नग तंतोतंत सारखा निघणें शक्य नाहीं. म्हणून आपल्या हातीं आलेल्या नगाचा पासंग व वजन आपणच शोधून काढावीं, यास अंशशोधन म्हणतात.

सहा बाजूंची परीक्षा

तराजूचा पासंग कसा ओळखतात? माल एकदां डाव्या पारड्यांत व एकदां उजव्या पारड्यांत घालून तोलतात. दोन्ही वेळां वजन सारखें आलें तर तराजू खरा. त्वरणमापकासही हीच युक्ति लागूं पडते. यासाठीं कांहीं महाग साधन लागत नाहीं. पृथ्वीचें गुरुत्व हेंच आपलें वजन. तें फुकट आहे, व त्यांत कोणी कमीजास्त करूं शकत नाहीं.

यंत्र एका घनाकार लांकडी ठोकळ्यावर पक्कें बसवावें. पाण्याच्या पातळीदर्शकानें टेबल सपाट आहे कीं नाहीं, तें पाहावें. मग ठोकळा एकामागून एक त्याच्या सहाही बाजूंवर ठेवून प्रत्येक वेळीं वाचन घ्यावें. अशा रीतीनें प्रत्येक अक्ष एकदां सरळ वर व एकदां सरळ खालीं येतो. वर असतां वाचन धन १ जी व खालीं असतां ऋण १ जी यावयास पाहिजे. उदाहरणादाखल पुढील वाचनें पाहा.

क्ष अक्ष वर: +२६८, खालीं: −२५२.
य अक्ष वर: +२५५, खालीं: −२५७.
झ अक्ष वर: +२४१, खालीं: −२६५.

दोन वाचनांची बेरीज करून निम्मी केली कीं पासंग मिळतो. कारण धन व ऋण गुरुत्व एकमेकांस खातात व पासंग तेवढा शिल्लक राहतो. दोन वाचनांची वजाबाकी करून निम्मी केली कीं १ जी चे अंक मिळतात; कारण तेथें पासंग उडून जातो.

क्ष अक्षाचा पासंग: (२६८ − २५२) ÷ २ = +८. वजन: (२६८ + २५२) ÷ २ = २६०.
य अक्षाचा पासंग: (२५५ − २५७) ÷ २ = −१. वजन: २५६.
झ अक्षाचा पासंग: (२४१ − २६५) ÷ २ = −१२. वजन: (२४१ + २६५) ÷ २ = २५३.

आतां नियम एवढाच: आलेल्या अंकांतून पासंग वजा करावा व बाकीस वजनानें भागावें. जें येईल तें जी मध्यें खरें त्वरण.

याच ठिकाणीं आपल्या नववींतल्या मित्राच्या ०.९४ चा उलगडा होतो. झ अक्ष वर असतां आलेले २४१ अंक २५६ नीं भागले कीं ०.९४ येतें. त्यानें यंत्र उलटें करून पाहिलें असतें, तर २६५ भागिले २५६, म्हणजे १.०४ आलें असतें. एक वाचन कमी, एक जास्त. ही चूक नव्हे. हा यंत्रानें स्वतःच दिलेला आपल्या पासंगाचा पत्ता होता. तो पुसून टाकल्यावर पासंग शोधावयाचा कशावरून?

पडताळा

अंशशोधन झालें म्हणजे काम संपलें असें समजूं नये. ज्या सहा वाचनांवरून आंकडे काढले, त्यांच्यावरच ते बरोबर उतरतील, यांत नवल नाहीं. म्हणून यंत्र आतां निराळ्याच, तिरप्या स्थितींत ठेवून पाहावें. समजा क्ष चें वाचन १३८, य चें १२७ व झ चें १६७ आलें.

पासंग न काढतां सरसकट २५६ नीं भागलें तर ०.५३९, ०.४९६ व ०.६५२ येतात. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचें वर्गमूळ ०.९८ होतें. स्थिर यंत्रास १.०० यावयास हवें होतें.

पासंग काढून भागूं. क्ष: (१३८ − ८) ÷ २६० = ०.५००. य: (१२७ + १) ÷ २५६ = ०.५००. झ: (१६७ + १२) ÷ २५३ = ०.७०८. वर्गांच्या बेरजेचें वर्गमूळ १.०० येतें. पूर्वीं न पाहिलेल्या स्थितींतही उत्तर जमलें. तेव्हां आपल्या अंशशोधनावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं.

या परीक्षेंत येणारा १ जी हा आपल्या गांवचा जी होय, हें विसरूं नये. मीटरमध्यें त्वरण पाहिजे असल्यास कोंकण किनाऱ्यावरील शाळेनें ९.७९ नीं गुणावें, ९.८०६६५ नीं गुणल्यास शेंकडा सुमारे एक-पंचमांश इतका फरक उगाच शिरतो.

याशिवाय आणखी तीन गोष्टी संभाळाव्या लागतात. एक, यंत्र स्थिर असतांही शेवटचा अंक सारखा थरथरत असतो. त्याकरितां एकच वाचन न घेतां शंभर वाचनांची सरासरी घ्यावी. तिच्यांतील थरथर एका वाचनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. दोन, उष्णतेनें पासंग बदलतो. सकाळीं थंड असलेलें यंत्र दुपारीं उन्हांत नेलें तर अंशशोधन पुन्हां करावें. तीन, यंत्र ठोकळ्यावर तिरपें बसलें असल्यास एका अक्षाचें गुरुत्व दुसऱ्यांत झिरपतें. हा दोष पासंगानें जात नाहीं. यंत्र नीट बसविणें हाच त्यावर पहिला उपाय.

एवढी काळजी कशासाठीं?

कोणी म्हणेल, शंभरांत एक-दोन अंशांनीं काय बिघडतें? एक हिशेब करून पाहूं. यंत्रांत १ जी च्या शंभराव्या हिश्श्याइतका, म्हणजे सुमारे ०.०९८ मीटर दर सेकंदास दर सेकंदीं, पासंग राहिला आहे, व त्या वाचनांवरून आपण गाडी किती अंतर गेली तें काढीत आहों. अंतर हें त्वरणाच्या निमपटीस वेळेच्या वर्गानें गुणून येतें. १० सेकंदांत चूक ४.९ मीटर होते. १ मिनिटांत ती १७६ मीटर होते! गाडी जागची हाललीही नाहीं, आणि कागदावर ती शाळेच्या फाटकाबाहेर पोंचली. लहानसा पासंग वेळ मिळाला कीं असा वाढत जातो.

आपल्या महाराष्ट्रांतच अशा वाचनावर फार मोठी गोष्ट अवलंबून होती. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगर येथें मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसें दगावलीं व हजारों घरें पडलीं. त्या वेळीं कोयना धरणाच्या भिंतीच्या पोटांतील मार्गिकेंत एक त्वरणलेखक यंत्र बसविलेलें होतें. जमीन हादरत असतां त्यानें त्वरणाचा आलेख काढला. भिंतीच्या लांबीच्या दिशेनें ०.६३ जी, भिंतीस आडव्या दिशेनें ०.४९ जी व उभ्या दिशेनें ०.३४ जी इतकें कमाल त्वरण त्यांत नोंदलें गेलें. धरणाचा आराखडा करतांना भूकंपासाठीं अवघें ०.०५ जी धरलेलें होतें. म्हणजे आडवा धक्का अपेक्षेच्या जवळजवळ दहापट होता. भिंतीच्या वरच्या भागांत तडे गेले, परंतु धरण फुटलें नाहीं. पुढें भिंतीस पाठीमागून आधार देऊन ती बळकट करण्यांत आली, व त्या आलेखाचा अभ्यास जगांतील अनेक देशांच्या अभियंत्यांनीं केला.

आतां विचार करा. त्या यंत्राची शून्यरेषा कोणती, व आलेखावरील एका उंचीस किती जी समजावयाचे, हें जर कोणी आधीं काळजीपूर्वक ठरविलें नसतें, तर त्या कागदावरील रेघांचा अर्थ कोणी कसा लावला असता? अपेक्षेहून दहापट आलेला आंकडा पाहून, 'हें चुकलें असावें' असें म्हणून कोणी तो पुसला असता, तर धरणाखालच्या गांवांचें पुढें काय झालें असतें?

दुसरें उदाहरण परदेशचें आहे. जेनेसिस नांवाचें अमेरिकन यान सूर्याकडून येणारे कण गोळा करून परत येत होतें. ८ सप्टेंबर २००४ रोजीं त्याची कुपी यूटा येथील वाळवंटांत उतरावयाची होती. हवेंत शिरल्यावर वेग घटूं लागतांच तें ओळखून छत्री उघडण्याची खूण द्यावी, यासाठीं कुपींत त्वरण ओळखणारीं लहान उपकरणें होतीं. तीं आराखड्यांतच उलट दिशेनें दाखविलीं गेलीं व तशींच बसलीं. वेग घटल्याचें त्यांस कळलेंच नाहीं. छत्री उघडली नाहीं, व कुपी ताशीं ३०० किलोमीटरहून अधिक वेगानें जमिनीवर आदळली. शास्त्रज्ञांनीं चिकाटीनें त्यांतील पुष्कळसे नमुने वांचविले. परंतु वर्षांच्या श्रमांवर पाणी पडण्याची वेळ एका उलट्या दिशेमुळें आली. धन व ऋण यांचा फरक परीक्षेंत एका गुणाचा असतो; बाहेरच्या जगांत तो याहून पुष्कळ मोठा ठरतो.

घरीं करावयाचा अभ्यास

त्वरणमापकाचीं वाचनें दाखविणारीं मोफत साधनें फोनवर मिळतात. पालकांच्या अनुमतीनें त्यांपैकीं एक घेऊन पुढील प्रयोग करावे.

१. फोन टेबलावर सपाट ठेवून तिन्ही अक्षांचीं वाचनें लिहा. मग तो पालथा ठेवून पुन्हां लिहा. झ अक्षाचा पासंग काढा. कांहीं फोनांत वर-खालीं यांचीं चिन्हें उलट असतात. आपल्या फोनांत कशीं आहेत, तें प्रथम ठरवा.

२. चारही कडांवर फोन उभा धरून क्ष व य यांचे पासंग काढा. फोन एका सरळ कडेच्या पेटीस टेंकवावा, हातांत धरूं नये.

३. हातांतील फोन हळूहळू सरळ वर उचला व एकदम थांबवा. उचलतांना व थांबवितांना वाचन कसें बदलतें, तें पाहा व कारण लिहा.

४. उशीवर थोड्या उंचीवरून फोन पडूं द्या, व पडतांना वाचन किती येतें तें सांगा. (हा प्रयोग वडिलांच्या फोनवर त्यांस न विचारतां करूं नये!)

वाचन जें येईल तेंच लिहावें. तें पुस्तकाशीं जुळलें नाहीं, तर खालीं 'जुळत नाहीं' असें लिहून कारण शोधावें.

आतां मी त्या मुलास कां रागावलों नाहीं, तें सांगतों. महाविद्यालयांत असतां लोलकाचा प्रयोग करून गुरुत्वत्वरणाचें मूल्य काढावयाचें होतें. माझें उत्तर ९.४ आलें. घंटा होण्यास थोडाच वेळ होता. मीं शेजाऱ्याच्या वहींतून आंकडे उतरविले, ९.८ लिहिलें, व मला पूर्ण गुण मिळाले. दोन दशकें लोटलीं. तरी माझा लोलक ९.४ कां सांगत होता, हें आज मला ठाऊक नाहीं. दोरीची लांबी मोजण्यांत चूक होती, कीं आंदोलनें मोजण्यांत, कीं घड्याळांत? तें शोधण्याची संधि मीं त्या दिवशीं स्वतःच घालविली. गुण मिळाले ते केव्हांच विसरून गेलों. तो न सुटलेला प्रश्न मात्र अजून आठवतो.

हें मीं त्या मुलास सांगितलें. त्यानें पुढील शनिवारीं यंत्र सहाही बाजूंवर ठेवून सर्व वाचनें नव्यानें घेतलीं. वहीच्या त्या पानावर पुसलेल्या जागीं त्यानें शाईनें पुन्हां ०.९४ लिहिलें, व समासांत 'झ अक्षाचा पासंग' अशी टीप केली. विज्ञान प्रदर्शनांत तीच वही मांडावी असें आम्ही ठरविलें, व ती मांडली.

पालकांनाही एक विनंती आहे. आपल्या पाल्याचें उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं, तर 'चुकलें' असें म्हणण्यापूर्वीं, 'तूं मोजलेंस कसें?' असें त्यास विचारावें. ज्या घरांत हा प्रश्न विचारला जातो, त्या घरांतील मुलास रबराची गरज फारशी पडत नाहीं.